साहेबापुढचं वरण

"नॉर्मल आहे. काळजीचं काही नाही." डॉक्टरांनी कागद टेबलावरून पंचफुलाकडे सरकवला आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

पंचफुला खुर्चीवरून हलली नाही. "कागद नॉर्मल हाये, सायेब. मी नाई न."

दारात उभी असलेली बाई फिस्सकन हसली. डॉक्टरही हसले. माणूस वाईट नव्हता, पण बाभुळगावचा बाजाराचा दिवस, बाहेर बाकावर माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, आणि प्रत्येकाला एसटी गाठायची घाई. त्यांनी थायरॉईडच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे बघा, चार पॉइंट आठ. पाचच्या आत पाहिजे, आहे. मागच्या वर्षी किती होता? सोळा! गोळी लागू पडली तुम्हाला. तीच चालू ठेवा."

"मंग हा आवाज असा काहून?"

"वयानं होतं थोडंफार. सकाळी फिरायला जात जा."

घ्या! जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज शाळाभर पोरांची खिचडी रटारटा ढवळणाऱ्या बाईला फिरायला जा म्हणे. पण घंटी पुन्हा वाजली आणि पंचफुलाला उठावंच लागलं.

एसटीत खिडकीशी बसून तिनं कागद पुन्हा उघडला. दहावीपर्यंत शिकलेली बाई, आकडे वाचता येत होते, पण त्यांचा स्वभाव कळत नव्हता. ती आडवी पडली होती तेव्हा आकडा सोळा. बरी झाली म्हणतात तर चार. आजार वाढला की मार्क वाढतात आणि माणूस सुधारलं की घटतात, ही कोणती उफराटी शाळा? आणि चार जर पास, तर जिना चढताना मांड्या शिशाच्या का होतात? यवतमाळच्या उकाड्यात आजूबाजूच्या बाया पदरानं वारा घेतात आणि आपल्याला गोधडी का हवीशी वाटते? ह्या प्रश्नांचं तिला भय नव्हतं, नवल होतं. असं का, हे तिला जाणूनच घ्यायचं होतं. विचार करता करता तिला झोप लागली आणि कंडक्टरनं हाक मारली तेव्हा गाव मागे पडायच्या बेतात होतं.

घरी उकंडा, तिचा नवरा, वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, घासत अंगणात बसला होता. "काय म्हने डॉक्टर?"

"नॉर्मल म्हनते."

"मंग झालं तं!" त्याचा जीव भांड्यात पडला, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण भांड्यात पडलेल्या जीवाला लगेच जीभ फुटते. "मंग आता दुपारची निजत नको जाऊ बा. बिमारी गेली, आता निस्ता आळस राह्यला."

तिला संताप आला. सोळा आकडा होता तेव्हा हाच माणूस तिचे पाय चेपत होता. आता कागदावर एक शब्द इंग्रजीत आला, तर तीच तिची झोप आळस झाली. दोन दिवसांत तो शब्द गल्लीभर झाला. पाण्याच्या नळावर कुणी विचारायचं, "कावो, तुहा रिपोट तं नॉर्मल आला म्हनते न?" आणि तिच्या सुजलेल्या पापण्यांकडे असं बघायचं, की जणू तिनं त्या मुद्दाम सुजवून आणल्या आहेत.

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण तिसऱ्या दिवशी वामनराव आले. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला हा माणूस गावच्या बुद्धविहाराचा कारभार बघायचा. आषाढी पौर्णिमा आठवड्यावर आली होती, म्हणजे वर्षावास सुरू होणार, आणि तीन महिने रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं वाचन होणार.

त्या गावची ह्याबाबत एक रीत होती. आषाढी पौर्णिमेला ज्याच्या तोंडून पहिलं पान वाचलं जाईल, त्याच्याच तोंडून आश्विन पौर्णिमेला शेवटचं. मधे तोंड बदलायचं नाही. एका वर्षी वाचणारे घनश्यामबापू भादव्यात वारले, तर लोकांनी ग्रंथ तिथेच पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि उरलेले दिवस नुसती वंदना घेतली. पुढच्या वर्षी वाचायला बसली ती पंचफुला. बाईमाणूस म्हणून तेव्हा कुजबुज झाली, पण तिनं तोंड उघडलं आणि कुजबुज बंद पडली. आवाज असा, की मागच्या भिंतीला टेकलेल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द पोचायचा. तेव्हापासून दर वर्षी तीच. शाळेत ती खिचडीवाली, गल्लीत उकंड्याची बायको. फक्त त्या तीन महिन्यांत, त्या एका पाटावर, ती पंचफुलाबाई असायची.

"पंचफुलाबाई," वामनराव चष्मा काढून म्हणाले, "मांगच्या साली आखरी आखरीले तुमचा आवाज फाटून गेलता. एक डाव तं वाचता वाचता डोळाच लागला. मी काई बोललो नाई. पन यंदा कसं करता? वाचसान न?"

"वाचतो न, भाऊजी," ती म्हणाली. पण तो आवाज जाड, ओला, घशात कापूस कोंबल्यासारखा निघाला. दोघांनीही तो ऐकला.

"पाहा बा," वामनराव उठत म्हणाले. "मधात बंद नाई पडलं पाह्यजे, येवढंच."

त्या रात्री तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलंही नाही. शाळा गेली तरी चालेल, खिचडी दुसऱ्या कुणी ढवळावी. पण तो पाट गेला तर आपलं राहिलं काय?

दोन दिवसांनी शाळेत पोरांची तपासणी करायला आरोग्य केंद्राच्या नव्या डॉक्टर आल्या. समीक्षा मॅडम, वयानं लहान, केसांची एक वेणी, आणि प्रत्येक पोराला नाव विचारूनच जीभ बाहेर काढायला सांगायच्या. मुख्याध्यापकांनी त्यांना जेवायला थांबवलं. पंचफुलानं शेडमधल्या चुलीजवळ पाट टाकला आणि ताट वाढलं.

"वा! वरण किती छान घट्ट आहे," मॅडम म्हणाल्या.

"तुमी येनार होत्या न."

मॅडमचा घास हातात थांबला. "म्हणजे? रोज असं नसतं?"

पंचफुलाला खोटं सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटतही नव्हतं. साहेब येणार म्हटलं की शाळा अशीच असते. चुन्याच्या रेघा पडतात, पोरांची नखं कापली जातात, फळ्यावर सुविचार येतो आणि वरण घट्ट होतं. "दाळ मोजूनच भेटते, बाई. साहेबाच्या दिवशी दोन मुठी जास्त टाकाव लागते, मंग दुसऱ्या दिवशी तेवढं पानी जास्त. शाळेत लागली तवापासून असंच हाये."

मॅडम हसल्या. रागावल्या नाहीत हे पाहून पंचफुलाला धीर आला. तिनं पोलक्यातून घडी घातलेला कागद काढला. "मॅडम, मले एक सांगा. हे कमी असलं तं चांगलं का जास्त असलं तं? अन् चांगलं हाये तं मले बरं काहून नाई वाटत?"

मॅडमनी ताटाकडे पाठ न करता, जेवता जेवताच कागद वाचला. मग गळ्याला बोट लावून म्हणाल्या, "इथे एक गाठ असते, थायरॉईडची, फुलपाखरासारखी. तिचं काम अंगाला कामाला लावायचं. तिनं काम कमी केलं की डोक्यातून तिला हुकूम येतो, कर, कर म्हणून. हा आकडा त्या हुकमाचा आहे, गाठीचा नाही."

पंचफुलानं डोळे बारीक केले. कापूस वेचायला ती पोरवयात जात होती. "म्हंजे वेचनाऱ्या बाया ढिल्या पडल्या का मुकादम जास्त बोंबलते, तसं?"

"अगदी तसंच. सोळा म्हणजे तुमचा मुकादम घसा फोडून ओरडत होता. गोळी पोटात गेली की काम होतं, आणि तो गप्प बसतो."

"अस्सं हाये होय!" पंचफुला चक्क खुश झाली. इतके दिवस डोक्यात अडकलेलं कुसळ निघालं. "पन मंग आता तो चूप हाये, अन् माह्यं काम तं पडलंच हाये."

"तेच बघू. गोळी कशी घेता?"

"सकाळी उपाशीपोटी, पान्यासंगं, अन् मंग घंटाभर चहा नाई," पंचफुलानं पाढा म्हटल्यासारखं सांगितलं.

"रोज?"

ती चुलीतलं लाकूड उगाच सारू लागली.

"आज कशी घेतली?" मॅडमनी हळूच विचारलं.

"आज... चहासंगं. अन् ते रक्तवाढीची लाल गोळी राह्यते, तेही संगंच टाकून देतो. एका घोटात दोन कामं."

"आणि काल?"

"कालबी तसंच."

"मग बरोबर कधी घेत होता?"

"रक्त द्याच्या आंधी घेतली न! महिनाभर एकबी दिवस नाई चुकली."

"महिनाभरच का?"

"का म्हंजे काय?" पंचफुलाला प्रश्नच कळला नाही. "रक्त तपासनार होते न, बाई!"

मॅडमनी खाली, ताटातल्या वाटीकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेमागोमाग पंचफुलाचीही नजर तिथे गेली. वरण घट्ट होतं, वर कोथिंबीरसुद्धा पेरलेली होती.

"अगं माय!" पंचफुलानं कपाळावर हात मारला. "मी तं रक्ताचंही वरन घट्ट करून ठेवलं वो!"

दोघीही हसल्या, मॅडमना तर ठसका लागला. हसता हसता पंचफुलाचे डोळे भरून आले. डॉक्टर खोटं बोलला नव्हता, कागदही खोटा नव्हता. खरे होते ते दिवस, पण ते साहेबासाठीचे दिवस होते. आकडा त्यांचाच होता, आणि अंग मात्र वर्षभराच्या पातळ वरणावर चाललं होतं.

मॅडमनी तिला नीट समजावलं. दुधाचा चहा आणि लाल गोळी ही दोन्ही मिळून थायरॉईडची गोळी पोटातच अडवतात. हा आकडा मागच्या महिना-दीड महिन्याचं बोलतो, आणि अंग त्याच्याही मागून रखडत येतं. गोळी वाढवायची गरज नाही, रोज नीट घ्यायची. लाल गोळी संध्याकाळी. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त. "आणि हिमोग्लोबिनही बघू. सगळं खापर थायरॉईडवर फोडायला नको."

"पौर्निमेपावतर आवाज येईन?" पंचफुलानं विचारलं. खरं तर एवढं एकच विचारायचं होतं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "खोटी आशा लावत नाही. दोन-तीन महिने तरी धरा."

तिनं मान हलवली आणि ताट उचललं.

आता घरी एक मोठं काम उरलं होतं, आणि त्या कामाचं नाव तानाबाई. पंचफुलाची सासू, वय झालेली, डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. अंधारातच उठायची आणि चहा मागायची. पण सून शेजारी आपला कप घेऊन बसल्याशिवाय ओठाला लावायची नाही. एकट्यानं चहा पिऊ नये, असं तिचं म्हणणं. त्या चहापायी तर गोळी रोज चहासंगे जात होती. आणि रक्त द्यायच्या आधीच्या महिन्यात पंचफुला कपात नुसतं पाणी घेऊन बसायची, वर फुंकरही मारायची. म्हातारीला दिसत नव्हतं, चालून गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं सगळं सांगून टाकलं. "आत्याबाई, मी गोळी घेतली. आता घंटाभर चहा नाई घेत. तुमी पिऊन घ्या."

"मांगच्या महिन्यात तं पेत होती माह्यासंगं."

"पानी होतं ते."

म्हातारी उसळली. "फुका मारत होती वो तू! मले आयकू ये. पान्याले फुका मारून मले आंधळीले फसवलं?" तिनं तोंड फिरवलं आणि चहा परत चुलीवर ठेवायला लावला. बाहेर उजाडत होतं. मग तानाबाई भिंतीकडे बघूनच बोलली, "आंधी सांगतलं असतं तं थांबलो असतो न मी. मले काय शाळेत जाचं हाये?" आणि जरा वेळानं, "पन निस्ती बसून काय करू? काई बोल तरी. नाई तं वाच."

पंचफुलानं घरातला ग्रंथ उघडून वाचलं. चार ओळींतच घसा खरखरला आणि ती थांबली. "चालते," तानाबाई म्हणाली. तिला गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत विहारात जाता आलं नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वामनराव परत आले तेव्हा पंचफुलानं त्यांना विचारूच दिलं नाही. "भाऊजी, यंदा माह्यानं होत नाई. रुपालीले बसवा." रुपाली म्हणजे शेजारची नवी सून, बारावी झालेली, स्पष्ट वाचायची.

वामनराव अवघडले. "म्या एक इचार केला. पह्यलं पान तुमी वाचा. मानाचं. मंग रुपाली वाचन, अन् आखरीचं पान पुन्हा तुमी. म्हंजे रीतही मोडत नाई अन् वाचनारी तुमीच राह्यता. लोकाईले काय कळते?"

तिला मोह झाला नाही असं नाही. क्षणभर तो पाट, तो दिवा, समोर बसलेले लोक, सगळं डोळ्यापुढे आलं. मग ती हसली. "नाई जी. दाखवापुरतं एक पान मी नाई वाचत. लय झालं ते दाखवापुरतं."

"मंग पुढच्या सालीही रुपालीच बसन," वामनराव म्हणाले. त्यांनी ते दुष्टपणानं म्हटलं नव्हतं. एकदा तोंड बदललं की ते परत बदलत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"बसू द्या," पंचफुला म्हणाली.

रुपाली वाचू लागली. पंचफुला रोज पांढरं पातळ नेसून बायांमध्ये जाऊन बसायची. इतकी वर्षं ग्रंथ तिनं वाचला होता, पण ऐकला कधी नव्हता. वाचताना पुढच्या ओळीवर लक्ष असतं, अर्थ मागे राहतो. आता अर्थ आधी येत होता आणि तिला नवल वाटत होतं की हे सगळं आपल्याच तोंडून गेलं होतं. आणि वाईटही वाटत होतं, खूप. रुपाली एखाद्या शब्दावर घसरली की तिच्या जिभेवर तो शब्द यायचा आणि ती ओठ दाबून धरायची. विहारात तिनं तोंड म्हणून उघडलं नाही.

उकंड्यात मात्र एक बदल झाला. वरणाची गोष्ट त्यानं ऐकली, आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, "म्हंजे तू खरंच बिमार होती?" ती म्हणाली, "मंग काय नाटक करत होती?" त्या दिवसापासून दुपारी ती पडली की तो अंगणातली कोंबडीसुद्धा हाकलायचा.

भादव्यात पुन्हा रक्त दिलं. ह्या खेपेला तिनं त्यासाठी काही वेगळं केलं नाही. आकडा दोनाच्या जवळ आला, रक्तही वाढलं. समीक्षा मॅडमनी आनंदानं कागद दाखवला, तर ती म्हणाली, "ते मले अंगावरून समजलं, मॅडम. गोधडी काढली म्या." पहाटे तानाबाईला आता पानंच्या पानं ऐकायला मिळत होती.

आश्विन पौर्णिमेला समाप्तीचा कार्यक्रम होता. वणीकडून एक भंतेजी आले होते. विहार भरलेला, बाहेर मंडपात खिरीचं मोठं पातेलं. रुपालीनं शेवटचं पान वाचून ग्रंथ मिटला, लोकांनी 'साधु, साधु' म्हणत साधुकार दिला. भंतेजी प्रसन्न झाले. "वाचन फार स्वच्छ आहे. आपल्या गावात दर वर्षी ह्याच वाचतात का?"

रुपालीनं मान खाली घातली. वामनराव चष्मा पुसू लागले. पुढच्या रांगेतली एकेक मान मागे वळली, बायांच्या घोळक्यात बसलेल्या पंचफुलाकडे. भंतेजींना काही कळेना, तेही तिकडे बघू लागले.

पंचफुला उठून उभी राहिली आणि तिनं हात जोडले.

"हो भंतेजी. आमच्या गावात रुपाली वाचते."

आवाज मोकळा, खणखणीत, सगळ्या डोक्यांवरून थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेला. बहिऱ्या म्हाताऱ्यानं चमकून वर पाहिलं. रुपालीनं मान वर केली आणि वामनरावांच्या हातातला चष्मा हातातच राहिला.

पंचफुलानं मात्र पदर खोचला आणि खीर वाढायला ती बाहेर मंडपात गेली.